बैल बसता कामा नये

मोटरसायकलचा फक्त आवाज बंद करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. घोरणाऱ्या माणसाला आपण कुशीवर वळवतो ना, तितक्याच निर्मळ मनाने.

गाडी माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. गाडी सासऱ्यांची, म्हणजे कोलशेतच्या गोविंदाशेटची. त्यांच्या मिठागराच्या जागेवर पहिली बिल्डिंग उभी राहिली त्या वर्षी त्यांनी ती घेतली. पुढे दारात मोठमोठ्या चारचाकी आल्या, पण घरची लक्ष्मी म्हणजे हीच काळी मोटरसायकल. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना ती चालवता येईना, तेव्हा किल्ली माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "जावयबापू, वापरा. पण तिला हात लावू नका." मी यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. (ऑफिसातली परिपत्रकंही मी अशीच वाचतो. तिथे त्याला अनुभव म्हणतात.)

गाडीला एकच खोड होती. वेगात असताना ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून 'फट्' असा आवाज यायचा. ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या गेटातून आत वळलो की हमखास फट्. तळमजल्यावरच्या मंदाकिनीताई, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, दुपारच्या झोपेतून दचकून उठायच्या आणि गॅलरीत येऊन माझ्याकडे नुसत्या बघायच्या. त्या भांडल्या असत्या तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण नुसतं बघणाऱ्या बाईचं काय करायचं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

निदान केलं ते ऑफिसातल्या महेंद्रने. म्हणाला, या गाड्यांत धूर कमी करायला एक डबा बसवलेला असतो. तो सायलेन्सरच्या तोंडाशी ताजी हवा सोडतो, आणि तो जुना झाला की गाडी फटफटते. डबा काढायचा, नळ्यांची तोंडं बुजवायची, विषय संपला. (महेंद्र स्वतः बसने येतो. पण सल्ला देणाऱ्याची गाडी बघायची नसते.) त्याने मला एक व्हिडिओही पाठवला. त्यातल्या मुलाने गाणं वाजवत, हसत हसत डबा काढून दाखवला. असं करणं कायद्यात बसत नाही, हे त्याने अगदी शेवटी सांगितलं. तोवर माझा डबा निघालेला होता.

शनिवारची दुपार. मेहुण्याचं, बंटीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे माझी बायको निशिगंधा लेकीला, सान्वीला, घेऊन बांगड्या भरायला फडके रोडला गेलेली. पार्किंगमध्ये मी आणि गाडी. डबा हातात आला आणि मागे तीन भोकं माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या नळीला मी मधाच्या बाटलीचं बूच मारलं. इंजिनाकडच्या भोकावर बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून आवळला. उरली ती बारीक रबरी नळी. व्हिडिओतला मुलगा म्हणाला होता, ही व्हॅक्यूमची नळी, इंजिन हिच्यातून सारखं शोषत असतं. ही हवाबंद झाली नाही तर इंजिन डोक्यावर बसतं.

ती बुजवायला काही सापडेना. शेवटी सान्वीच्या सर्दीच्या औषधाच्या बाटलीत ड्रॉपर दिसला. त्याचं रबराचं बोंडूक काढून नळीच्या तोंडावर चढवलं, तर ते असं बसलं की जणू कारखान्यातच त्यांची सोयरीक ठरली होती. गाडी सुरू केली. बोंडूक आत ओढलं गेलं, चपटं झालं आणि टाकीखाली, माझ्या डाव्या गुडघ्यापाशी, हळूहळू श्वास घेऊ लागलं. मी गेटाबाहेर जाऊन आत वळलो. फट् नाही. पुन्हा वळलो. तरी नाही. मंदाकिनीताई गॅलरीत आल्या आणि चक्क हसल्या. त्या दिवशी मला वाटलं, आपण उगाच क्लार्क झालो.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला: या वेळी फांदी मी आणायची.

निशिगंधाच्या माहेरी एक रीत आहे. हळदीच्या सकाळी मांडवाला उंबराची फांदी लागते, आणि ती जावयाने घरच्या वाहनावरून आणायची असते. पूर्वी बैलगाडी होती, आता ही मोटरसायकल. दर वेळी हा मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझ्या साडूंचा, परशुरामरावांचा. ते बांधकामातले, छाती भरदार, फांदी आणताना दिसायचेही तसे. पण नेमकी त्यांच्या कंबरेत उसण भरली आणि मान घरंगळत माझ्याकडे आला. कोलशेतचा जुना उंबर रस्त्यात गेला, म्हणून फांदी आणायची काटईला निशिगंधाच्या धोंडिबामामांच्या वाडीतून.

नियम निशिगंधाने मला रात्री जेवताना समजावले. फांदी एकदा गाडीवर चढली की जमिनीला टेकता कामा नये. आणि मांडवात पोचेपर्यंत गाडी बंद पडता कामा नये. सिग्नलला उभी राहिली तर चालेल, इंजिन मात्र चालू हवं. शेवंतीआत्याने, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीने, बैलगाडीच्या काळापासून हे ठरवून ठेवलंय: बैल उभे राहिले तर चालतं, बसता कामा नयेत. बसले तर लग्न अडतं.

"माझं लग्न ठरलं तेव्हा अख्खा गाव म्हणाला होता, कोकणातला क्लार्क कशाला करतेस," निशिगंधा माझ्या ताटात भात वाढत म्हणाली. "बाबा एकटे माझ्या बाजूने होते. उद्या त्यांची मान खाली जायला नको. एवढंच करा."

मी जेवण अर्धं टाकून उठलो. डब्याबद्दल सांगणार होतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या मनात बोंडूक श्वास घेत होतं. उद्या गाडी किती शांत झाली आहे ते बघून ती खूश होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी सान्वी मावशीबरोबर पुढे गेली आणि आम्ही दोघं निघालो. निशिगंधा नऊवारीत, खांद्याला पूजेची पिशवी. माझ्या पाठीवर सॅक आणि सॅकेत तो डबा. (घरात ठेवला असता तर तिला सापडला असता. गुन्हेगार पुरावा जवळ का बाळगतात ते मला त्या दिवशी उमगलं.) काटईपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. "आज गाडी गुणी वाटते," निशिगंधा म्हणाली आणि माझी मान ताठ झाली. धोंडिबामामांनी फांदी तोडून तिच्या हातात दिली. तिने ती उभी धरली. मामांनी गाडीला हात जोडले आणि आता मागे वळून बघू नका म्हणाले.

शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं होतं. पुढे ट्रेलर, मागे टँकर, बाजूला रिक्षा, आणि मधे आम्ही, उंबरासकट. मी गाडी न्यूट्रलला घेतली, तर इंजिनाचा आवाज आपोआप चढू लागला. मी ॲक्सिलेटरकडे पाहिलं. हात त्यावर नव्हताच. मग डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. पेट्रोलच्या वाफेने बोंडूक फुगून दुप्पट झालं होतं आणि त्याला उभी चीर गेली होती. माझ्या डोळ्यांदेखत ते सुटलं आणि टँकरच्या दिशेने गडगडत गेलं. इंजिनाने किंकाळी फोडली.

आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघू लागले. हॉर्न न वाजवता मी शीळफाट्यावर सगळ्यांत जास्त आवाज करत होतो, ही काही छोटी गोष्ट नाही. निशिगंधा मागून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मला उत्तर माहीत असल्यामुळे मी गप्प होतो. किल्लीकडे हात गेला, पण बैल बसवायचा नव्हता. तेवढ्यात ट्रॅफिक हवालदार गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी खुणेने सांगितलं, इंजिन बंद.

"बंद नाही करता येणार, साहेब," मी म्हणालो.

"का? किल्ली अडकली?"

"किल्ली ठीक आहे. पण बैल बसेल."

त्यांनी माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेतला. मग पीयूसी मागितलं. माझ्या पाठीवरच्या सॅकमधला डबा एकदम मणभर झाला. पीयूसीची मुदत अजून होती, पण ते ज्याच्या जिवावर मिळालं होतं तोच डबा मी दप्तरासारखा पाठीला लावून फिरत होतो. सॅकेत काय आहे, एवढा एक प्रश्न आला असता तर मी तिथेच रडलो असतो. मग निशिगंधाने फांदी जरा खाली करून त्यांना रीत सांगितली, तिच्या माहेरच्या बोलीत. हवालदार ऐकत राहिले. त्यांचा चेहरा बदलला.

"आमच्याकडं नारळ नेतात," ते म्हणाले. "तोही ठेवायचा नसतो खाली. जा तुम्ही. फक्त बैलाला जरा हळू ओरडायला सांगा."

त्यांनी हात दाखवून आम्हाला ट्रेलरच्या बाजूने वाट करून दिली. आता गाडी पुढे काढायची, आणि इंजिन तर सुसाट. मी खाली वाकून नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. आवाज झटकन उतरला. अंगठा काढला, किंकाळी. दाबला, शांत. उपाय उत्तम होता, फक्त तोच डावा हात मला क्लचला लागत होता. देवाने माणसाला दोनच हात दिले, कारण त्याच्यासमोर माझ्यासारखा माणूस नव्हता.

"तोंडात काहीतरी घाला त्याच्या," निशिगंधा ओरडली. तिने एका हाताने फांदी सांभाळत दुसऱ्या हाताने पिशवी चाचपली आणि हाताला लागलं ते पुढे केलं. हळकुंड होतं. मी त्याचं निमुळतं टोक नळीत खुपसलं, पिळून आत दाबलं. इंजिन शहाण्या मुलासारखं गप्प झालं. मुंब्रा बायपासवर लागलो तेव्हा माझ्या शर्टातून घाम ठिबकत होता आणि मला हसू येत होतं. उतारावर मी ॲक्सिलेटर सोडला. काही आवाज नाही. कापलेला पत्रा, बाटलीचं बूच आणि लग्नाचं हळकुंड, तिघांनी मिळून गाडी अगदी मुकी करून टाकली होती.

निशिगंधालाही तेव्हाच जाणवलं.

"अहो, गाडी फट् का करत नाही?"

आता मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. डबा, बोंडूक, मंदाकिनीताईंचं हसू, सगळं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती पुढे वाकली. उंबराची पानं माझ्या कानाला लागली. तिने विचारलं, "तुम्हाला माहीत नाही? खरंच माहीत नाही?"

मग तिच्याकडून मला कळलं. शेवंतीआत्या त्या घराची धवलारीण. लग्नातली धवलगीतं तीच गाते. तिने धवला धरल्याशिवाय हळद लागत नाही. तिला आता दिसत नाही. पूर्वी बैलांच्या घुंगुरमाळा ऐकून ती ओळखायची, फांदी आली. बैल गेले, तेव्हापासून ती वडाच्या वळणावरच्या त्या फट्ची वाट बघते. वळणावर गाडी फट् करते आणि आत्या धवला धरते. परशुरामरावांनी आणलेल्या प्रत्येक फांदीला असंच झालं. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा. (मी तेव्हा पलीकडच्या मांडवात हळदीने माखून बसलो होतो. नवरदेवाला कोण काय सांगतं?) फांदी गुपचूप आली तर तिला मुकी फांदी म्हणतात, आणि मुकी फांदी आत्या मांडवात घेऊ देत नाही.

"तिला सांगू ना, आलो म्हणून," मी म्हणालो.

"तिला माणसांनी सांगितलेलं चालत नाही," निशिगंधा म्हणाली. "बाबा काय म्हणतील आता? सगळा गाव जमलाय."

खारेगावचा पूल गेला, माजिवडा गेलं, कापूरबावडी गेलं. ते सगळं मला आज आठवत नाही, फक्त सासरे डोळ्यांपुढे होते ते आठवतं. त्या माणसाने गावाच्या विरुद्ध जाऊन मला घरात घेतलं होतं. त्याने गाडीला हात लावू नका एवढंच मागितलं होतं. मला मनापासून स्वतःची लाज वाटली. कोलशेत रोडला लागल्यावर निशिगंधा कानाशी म्हणाली, "वळणावर हळकुंड काढा, हवा शिरली की करेल ती फट्. आधी नको, नंतर नको. आणि टाकू नका. ते बंटीच्या काकणाचं आहे, देवापुढे पुजलेलं."

वड दिसला. लांबून बेंजो पार्टीचा आवाज येत होता. मी वेग वाढवला, मग ॲक्सिलेटर सोडला, डावा हात खाली नेला आणि हळकुंड ओढलं. निघेना. इंजिनाने ते आत शोषून घट्ट धरलं होतं. वळण येऊन गेलं, मांडवाची कमान दिसू लागली, कमानीखाली सासरे काठी टेकून उभे, आणि मी दात खाऊन ओढतोय. मांडवातला बेंजो थांबला. फांदी येताना सगळे गप्प होतात, तशी रीत असावी. अख्खा गाव आमच्याकडे बघत होता आणि गाडी मांजराच्या पावलाने चालली होती. सासऱ्यांची मान हळूहळू खाली जाताना मला दिसली.

तेव्हा हळकुंड निघालं.

फट्.

मांडवातून आत्याचा म्हातारा, खणखणीत सूर लागला. निशिगंधाने माझा खांदा इतका दाबला की नखं रुतली. मी हुश्श करणार, इतक्यात पुन्हा फट्. आत्या थांबली. तिच्या हिशेबात एक फट् म्हणजे एक फांदी. तिने धवला पहिल्यापासून धरला. मग पुन्हा फट्, आणि एक मोठा फट्, आणि त्या धक्क्याने बिस्किटांच्या डब्याचा पत्रा उडून गेला. त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणणं अन्याय होईल. पोरांनी फटाक्यांची माळ समजून नाचायला सुरुवात केली. बेंजोवाल्यांना वाटलं त्यांना इशारा झाला. आत्या प्रत्येक फट्ला नव्याने सुरुवात करत होती आणि तिच्यामागच्या बायकांची तिला गाठताना दमछाक होत होती. मी ब्रेक, क्लच आणि कुलदैवत तिन्ही एकदम दाबली. पुढचं चाक रांगोळीतून फिरून सासऱ्यांच्या पायांशी थांबलं. निशिगंधाने फांदी अलगद त्यांच्या हातात दिली. ती जमिनीला टेकली नाही. मी किल्ली फिरवली.

सगळीकडे शांतता पसरली. माझ्या हातात पेट्रोलने भिजलेलं हळकुंड होतं आणि बोटं पिवळी झाली होती. सासरे गाडीकडे बघत उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कळतं हिला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "या घरातलं शेवटचं लगीन. हिला माहीत हाय. म्हणून पोटभर बोलली."

मलाही भरून आलं. अगदी खरं सांगतो. सासूबाई, गोदाआई, तबक घेऊन आल्या. त्यात मानाचं पागोटं होतं. सासऱ्यांनी ते उचललं आणि ते माझ्या दिशेने चालत आले. मी खाली उतरून मान पुढे केली. पागोटं माझ्या कानाजवळून गेलं आणि हेडलाइटवर बसलं. त्यांनी ते नीट आवळून बांधलं, गाडीला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. (खोबरं मला मिळालं.) मी मान तशीच ठेवली आणि सीटवरची धूळ बघतोय असं दाखवलं.

मग ते अचानक थांबले. टाकीखाली लोंबणाऱ्या नळीकडे त्यांचं लक्ष गेलं होतं.

"जावयबापू, गाडीत काय खोललंत नाय ना?"

मी सॅकेचा पट्टा घट्ट धरला. परशुरामराव कंबर धरून पुढे सरकले. अख्खा गाव उत्तराची वाट बघत होता. निशिगंधाने पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "काय बाबा तुम्ही पण. यांना जमणार आहे का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गोदाआईने पाहिलं, मग परशुरामरावांनी. सगळ्यांचं एकदम समाधान झालं. कुणालाही दुसरा प्रश्न सुचला नाही.

लग्न थाटात झालं. बंटीच्या हातातल्या काकणाला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून होमापासून त्याला जरा लांब बसवलं. गाडी सासऱ्यांनी कोलशेतलाच ठेवून घेतली. ठाकुर्लीला राहून ती दमली असेल, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी तिचं तेल पुसायच्या निमित्ताने जाऊन मी डबा परत जागेवर बसवून आलो. सान्वीला सर्दी झाली की आम्ही औषध चमच्याने देतो. मंदाकिनीताई आता दुपारी शांत झोपतात आणि त्याचं श्रेय गेटासमोरून हललेल्या रिक्षा स्टँडला देतात.

परवा लग्नाचा अल्बम आला. पहिल्याच पानावर, पूर्ण पानभर, पागोटं बांधलेली गाडी. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गोदाआई ते पान आधी दाखवतात. त्या फोटोत मीही आहे. उजव्या बाजूच्या आरशात नीट निरखून बघावं लागतं. मान पुढे करून उभा आहे.